अमडापूरची खगोलशास्त्रीय पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. तुम्ही मांडीवर घेऊन बाराखडी गिरवता ती नव्हे, दारावर खिळ्याला टांगलेली, निळ्या पत्र्याची. चिखलीहून खामगावकडे जाताना अमडापूर लागतं. तिथल्या शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली आहे, आणि त्या खोलीच्या दारावर माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'खगोलशास्त्रीय निरीक्षण मंडळ, अमडापूर'.

वाचताना जीभ अडखळली ना? अडखळू द्या. शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा इथे येऊन अडखळले आहेत, आणि मग खोकला आल्याचं सोंग करून पुढच्या वर्गात गेले आहेत. मी सगळं पाहिलं आहे. दारावरच्या पाटीला दुसरं काम तरी काय असतं?

माझा पत्रा मूळचा खामगावचा. एका तेलगिरणीच्या छपरावर मी ऊन खात पडलेली होते. गिरणी बंद पडली, छप्पर उतरवलं आणि माझ्या बहिणी कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या न्हाणीवर गेल्या. माझ्या नशिबात कोंबड्यांचं खुराडंच होतं. पण भंगाराच्या ढिगातून वामनराव सरांनी मला उचललं. सर अमडापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत. जाड काचेवर काच महिनोन्महिने घासून त्यांनी दुर्बिणीचा आरसा तयार केला होता, गावातल्या सुताराकडून लाकडी नळी करून घेतली होती आणि आता त्यांना दारावर लावायला एक पाटी हवी होती.

खामगावच्या पेंटरने मला निळा रंग दिला, खडूने रेघा मारल्या आणि हातात ब्रश घेऊन विचारलं, "सर, हे ज्योतिषाचं हापिस हाये का? मंग एका बाजूनं हाताचा पंजा बी काढून देतो."

सर हसले. स्टूल ओढून तिथेच बसले आणि त्यांनी पेंटरला जे सांगितलं ते मी ओल्या रंगासकट अंगात मुरवून घेतलं. खगोल म्हणजे आकाशाचा तो अफाट गोल, ज्यात चंद्र, सूर्य, ग्रह, तारे, सगळं विश्व आलं. शास्त्र म्हणजे नीट पाहून, मोजून, पुन्हा पडताळून मिळवलेलं ज्ञान. त्या ज्ञानाशी आणि त्या अभ्यासाशी ज्याचा संबंध, ते खगोलशास्त्रीय. दुर्बीण खगोलशास्त्रीय, नकाशा खगोलशास्त्रीय, संशोधन खगोलशास्त्रीय.

"अन् गिऱ्हान?" पेंटरने विचारलं. ग्रहणाला तो गिऱ्हान म्हणत होता.

"गिऱ्हान आपलंआपण लागते. तू घरात झोपला असशील तरी लागते. त्याले खगोलीय घटना म्हणावं," सर म्हणाले. "पण ते लागताना तू अंगणात कागद धरला, चंद्रानं सूर्य किती खाल्ला त्याचं चित्र काढलं, अन् दुसऱ्यानं काढलेल्या चित्रासंगं ताडून पाह्यलं, त ते निरीक्षण खगोलशास्त्रीय. आभाळ सगळ्यांचंच हाये. हा शब्द मात्र पाहणाराचा हाये."

पेंटर इतका खूश झाला की त्याने 'खगोल' ही अक्षरं चांगली ऐसपैस काढली. मग 'शास्त्रीय'ला जागा पुरेना. ते बिचारं काठाशी अंग चोरून उभं राहिलं, ते आजतागायत. मला आधी त्याची लाज वाटे. पुढे माणसं पाहिली आणि लाज गेली. आभाळाचं कौतुक सगळ्यांनाच ऐसपैस असतं, पडताळून पाहायची पाळी आली की जागा कमी पडते.

मित्रांनो, माझी ती पहिली वर्षं काय सांगू तुम्हाला! दिवस कलला की सर दुर्बीण अंगणात काढत आणि माझ्यासमोर रांग लागे. शेतातून परतणारी माणसं खांद्यावरचं कुदळ-फावडं भिंतीला टेकवून रांगेत उभी राहत. शनीची कडी पाहून कुणी नळीच्या तोंडावर चित्र चिकटवलं आहे का ते हात लावून तपासे. सरांना त्याचा राग येत नसे, उलट फार आनंद होई. "तपास, तपास," म्हणत.

एकदा सत्यभामाबाई आल्या, पदराखाली लेकीची पत्रिका घेऊन. गावात त्या भाजीचं दुकान चालवत. माझ्यावरचं वाचून कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की इथे ग्रह पाहतात. सरांनी पत्रिका मुकाट्याने बाजूला ठेवली आणि त्यांचा डोळा दुर्बिणीला लावला. समोर अष्टमीचा चंद्र होता.

"अव माय!" सत्यभामाबाई ओरडल्या. "चंद्राले देवी आल्या होत्या का वं?"

सगळे खो खो हसले, पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, हा खरा खगोलशास्त्रीय प्रश्न हाये. तोंडावर व्रण पडले त कशानं पडले, हे इचारलंच पायजे." मग त्यांनी आपल्या लोणारच्या खड्ड्याची गोष्ट सांगितली, आकाशातून पडलेल्या दगडाने तो कसा झाला ते सांगितलं, आणि चंद्रावर तसे किती दगड आदळले असतील याचा हिशेब सत्यभामाबाईंनाच करायला लावला. पत्रिका त्या रात्री माझ्या खालच्या पायरीवरच राहिली. दुसऱ्या दिवशी त्या ती घ्यायला आल्या आणि जाताना पुन्हा एकदा चंद्र कधी पाहायला मिळेल ते विचारून गेल्या. असे होते आमचे वामनराव सर. मला त्यांचा अभिमान वाटतो, हे मी सरळच सांगते.

पण चांगले दिवस कुणाचे कायम राहतात? सर निवृत्त झाले आणि पुढे काही वर्षांनी देवाघरी गेले. खोलीत मोडकी बाकं आली. दुर्बिणीच्या नळीवर कुणीतरी जुन्या पडद्यांचं बोचकं ठेवलं. माझा एक खिळा निखळला आणि मी तिरकी झाले. पाठीमागे पालीने संसार थाटला. पोरं चेंडू मारताना माझा नेम धरत. लागला की मी 'ठण्ण' वाजत असे, तेवढाच माझा आवाज. कित्येक उन्हाळे मला कुणी वाचलं नाही. शब्द कुणी वाचला नाही की तो नुसता रंग उरतो. मला फार एकटं वाटे.

मग संजीवनी आली. भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही अमडापूरचीच लेक, वामनराव सरांची विद्यार्थिनी. आता ती त्याच शाळेत विज्ञानाची शिक्षिका होऊन आली होती. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मागच्या अंगाला फिरकली, माझ्यासमोर थांबली आणि न अडखळता मला वाचून काढलं. पदर खोचला, रॉकेलचा बोळा घेतला आणि माझं तोंड पुसलं. पालीला मात्र तिने हाकललं नाही. नवा खिळा ठोकून मला सरळ केलं, आतली दुर्बीण बाहेर काढली, आरसा धुतला. त्या दिवशी मी पत्र्याची नसते तर रडले असते.

तिच्या वाटेत एकच माणूस उभा होता, तो म्हणजे उकंडराव. ते शाळा समितीचे अध्यक्ष. मोठे शेतकरी, आवाज त्याहून मोठा. मनाचा माणूस उमदा, पण चारचौघांत आपला शब्द खाली पडलेला त्यांना खपत नसे. पोरांच्या जेवणाचा तांदूळ ठेवायला त्यांना कोरडी खोली हवी होती. मागणी काही वावगी नव्हती. पावसाळ्यात तांदळाला जाळी लागत होती, हे मीही ऐकलं होतं.

"काकाजी, एक संधी द्या," संजीवनी म्हणाली. "गाव आलं त खोली मंडळाची. नाही आलं त तांदूळ ठेवा."

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. मृग लागते त्या दिवशी संध्याकाळी साऱ्या गावाले मृग नक्षत्र दाखव दुर्बिणीतून. ज्याच्या भरवशावर आपण पेरतो ते दिसते तरी कसं, पाहू दे लोकाले. माह्या मेहकरच्या व्याह्यालेबी बोलावतो."

"हाव काकाजी," संजीवनी म्हणाली.

मित्रांनो, इथेच सगळी गफलत झाली. आपल्याकडे मृग म्हटलं की पेरणी आणि पेरणी म्हटलं की मृग. जूनच्या सुरुवातीला 'मृग लागला' असं सगळं गाव म्हणतं, दिनदर्शिकाही म्हणते. मग त्या संध्याकाळी मृग आकाशात असणारच, यात कुणाला शंका येईल? उकंडरावांना आली नाही, गावाला आली नाही आणि बी.एस्सी. झालेल्या संजीवनीलाही आली नाही. तिने मृग लहानपणापासून पाहिला होता. एका रांगेतले ते तीन तारे, भोवतीचे चार. पण कधी पाहिला होता, हे तिने स्वतःला विचारलंच नाही. उकंडरावांनी रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा केला, आजूबाजूच्या वाड्यांतही करवला, आणि व्याह्यांना फोनही केला.

मृगाच्या दोन दिवस आधी सूर्य मावळल्यावर संजीवनीने सराव म्हणून दुर्बीण अंगणात काढली. पश्चिमेला पाहिलं, नुसता लाल उजेड. पूर्वेला पाहिलं, तिकडे वृश्चिकातला लालसर ज्येष्ठा तारा वर येत होता. डोक्यावर पाहिलं, दक्षिणेला पाहिलं. मृगाचा पत्ता नाही. ती माझ्याखालच्या पायरीवर येऊन बसली आणि बोटाने हवेत रेघा ओढू लागली. जानेवारीत संध्याकाळी मृग चांगला वर असतो. फेब्रुवारीत डोक्यावर. मग पश्चिमेकडे सरकतो. एप्रिलच्या अखेरीला मावळतीला टेकतो. आणि जूनमध्ये?

तिचं बोट सूर्य जिथे बुडाला होता तिथे जाऊन थांबलं. तिने कपाळावर हात मारला.

मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला! सूर्यच त्या ताऱ्यांपुढे जाऊन बसला, तर ते तारे दिसणार कसे? ते सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार. वर्षभरात ज्या दिवसांत मृग दिसूच शकत नाही, नेमका त्याच दिवशी मृग दाखवायचा पुकारा गावभर झाला होता.

सकाळी उकंडराव मांडवाची जागा पाहायला आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आता? आता मी व्याह्याले काय तोंड दाखवू?" ते इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "हे पाय पोरी. तो पूर्वेले लाल तारा हाये न्, चांगला ठसठशीत? तोच मृग म्हणून दाखव. कोनाले समजते?"

"काकाजी, तो ज्येष्ठा हाये."

"असू दे न् वं! लोक पाहतीन, हात जोडतीन, चहा पिऊन घरी जातीन. तुही खोली वाचते, माही इज्जत वाचते. बिघडलं कोनाचं?"

खरं सांगते, माझाही धीर सुटला होता. खोली गेली की मीही जाणार आणि यावेळी खुराडं चुकणार नाही, हे मला दिसत होतं. मला वाटलं, हो म्हण बाई. एका ताऱ्याला एका संध्याकाळपुरतं दुसरं नाव दिलं, तर आकाश काही खाली कोसळणार नाही.

संजीवनीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मंग आधी ही पाटी उतरवा काकाजी. ज्येष्ठाले मृग म्हणाचं असन त या शब्दाखाली उभी राहून नाही म्हणत मी. सरांनी मले याचा अर्थ शिकवला. आज मी खोटा तारा दाखवला, अन् उद्या हिवाळ्यात खरा मृग दाखवला, त लोक कोनता खरा धरतीन?"

"मंग गावापुढं तूच सांग. मी मधात येत नाही," म्हणून उकंडराव तडक निघून गेले.

मला माझीच लाज वाटली. अंगावर शब्द मी मिरवत होते, आणि त्याचा अर्थ त्या पोरीने सांभाळला होता.

तिने भोंग्यावरून पुन्हा पुकारा करवला. कार्यक्रम संध्याकाळी सातला नाही, उन्हं तिरपी झाल्यावर पाचला. गाव बुचकळ्यात पडलं. तारे पाहायला उन्हात कोण बोलावतं? त्या कुतूहलापोटीच गर्दी दुप्पट झाली. अंगणात ताडपत्रीची सावली केली होती. मेहकरचे व्याही पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते, आणि उकंडराव मात्र लांब, फाटकाशी, निंबाच्या झाडाला टेकून उभे होते. आभाळात ढगांचे तुकडे फिरत होते.

संजीवनी उभी राहिली. तिचा आवाज सुरुवातीला कापला. "आज मृग दाखवतो म्हणून तुमाले बोलावलं. मृग आज दिसत नाही. इचार न करता हो म्हणलं, ही चूक माही. काऊन दिसत नाही ते मले दोन दिवसांआधी समजलं, अन् तेच आज दाखवाचं हाये."

गर्दीत कुजबुज झाली. मागून सागर नावाचा ट्रॅक्टर चालवणारा तरुण ओरडला, "मॅडम, आमाले दिवसा तारे दाखवता का?"

सगळं अंगण हसलं. व्याहीही हसले. उकंडरावांनी मान खाली घातली. संजीवनी लालबुंद झाली, पण जागची हलली नाही. "दाखवत नाही सागरभाऊ. कुठं हायेत ते सांगते."

तिने दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा बसवला. त्याला वाटीएवढं भोक होतं. "सूर्याकडं दुर्बिणीतून कोनीच पाहाचं नाही, डोळा जाईन," असं तिने दोनदा बजावलं, आणि जिथे डोळा लावतात तिथून हातभर अंतरावर पांढरा कागद धरला. कागदावर भाकरीएवढा झगझगीत गोल उमटला. त्यावर तीळ सांडावेत तसे बारीक काळे डाग होते.

भाजीवाल्या अंबूबाई पुढे होत्या. वयाने गावात सगळ्यांत थोरल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, कागद डागाळला हाये तुहा."

संजीवनीने कागद सरकवला. कागद सरकला, डाग मात्र गोलावर होते तिथेच राहिले. अंबूबाईंनी स्वतः दुसरा कागद मागून घेतला आणि धरून पाहिला. डाग तिथेच. "म्हंजे सूर्यालेच हायेत!" त्या म्हणाल्या. लोक खुर्च्या सोडून पुढे सरकले. आणि नेमका तेव्हाच ढग आला आणि कागदावरचा सूर्य विझला.

दोन मिनिटं गेली, पाच गेली. ढग हटेना. मागच्या रांगेतली माणसं उठू लागली.

संजीवनीने एक क्षण ढगाकडे पाहिलं. मग ती पाण्याच्या टाकीजवळची घागर उचलून आली आणि ती अंगणाच्या मधोमध स्टुलावर ठेवली. "ढग जाईस्तोवर खळं करू," ती म्हणाली. "हा मधातला तिवडा. पहिले बैल याच्याच भोवती फिरत होते न्? हा तिवडा म्हंजे सूर्य. अन् खळ्याच्या बाहेर, लांब, नक्षत्रं उभी राहतीन."

खळं म्हटल्यावर म्हातारी माणसं थबकली. मळणीयंत्र आल्यापासून कणसांवर गोल गोल फिरणारे बैल कुणी पाहिले नव्हते, पण ते विसरलं कोण होतं? बायका हसत हसत अंगणाच्या कडेने उभ्या राहिल्या. अंबूबाईंना संजीवनीने मृग केलं आणि बरोबर समोरच्या कडेला सत्यभामाबाईंना ज्येष्ठा.

"आता बैल पायजे. सागरभाऊ, या."

आता अंगण सागरवर हसलं. तोही उमदा गडी, मान हलवत आला.

"तू म्हंजे आपली पृथ्वी. इथं उभा राह्य. घागरीकडं तोंड केलं का दिवस, पाठ केली का रात्र. आता दिवस हाये. समोर काय दिसते?"

"घागर. अन् तिच्या मांगं अंबूआजी."

"घागर सूर्यासारखी तळपत असती त?"

सागरने डोळे बारीक केले. "मंग आजी कशी दिसन? डोळेच दिपतीन."

"हा झाला आजचा दिवस. मृग लागला तो हा असा. आता पाठ फिरव, रात्र कर. कोन दिसते?"

"सत्यभामाकाकू."

"म्हंजे ज्येष्ठा. आज अंधार पडला का पूर्वेले पाह्यजा, लाल तारा दिसन, तो ज्येष्ठा. आता बैल अर्धं खळं फिरू दे."

सागर घागरीला वळसा घालून पलीकडे गेला. तिने पाठ फिरवायला सांगितली. आता त्याच्यापुढे, अगदी तोंडासमोर, अंबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"रात्र हाये अन् आजी ढळढळीत दिसून राह्यली!" सागर ओरडला. "हा कोनता महिना मॅडम?"

संजीवनी उत्तर देणार, तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. "गव्हाचा! गव्हाचा महिना हाये तो!"

उकंडराव होते. बोलत बोलत ते गर्दीतून वाट काढत पुढे आले. "रातच्या लाइटीवर गव्हाले पाणी द्याले जातो न् आपण, तवा डोक्यावर असते ते. तीन तारे एका वळीत. जिंदगीभर पाहून राह्यलो मी! हिवाळ्यातच दिसते ते. मृगात कधीच नाही दिसलं. अन् मले कधी शंकाबी नाही आली!" ते स्वतःवरच इतके चकित झाले होते की व्याही बसले आहेत, हेही विसरले.

अंबूबाई आपल्या जागेवरूनच म्हणाल्या, "पन पोरी, मृगात मृग दिसतच नाही, त सूर्य आता मृगात हाये हे समजलं कोनाले? पाह्यलं कोनं?"

किती सुंदर प्रश्न! वामनराव सर असते तर त्यांनी टाळी वाजवली असती.

"कोनीच नाही पाह्यलं आजी. ताडलं," संजीवनी म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "हजारो वर्षांआधी कोनीतरी रोज सांजेले पाहत होतं. मृग मावळतीले खाली खाली गेला अन् एक दिवस उजेडात बुडाला. मंग काही दिवस कुठंच नाही. मंग एका पहाटे उगवतीले वर आला. ते माणसं दरवर्षी पाहत गेले, एकमेकाले सांगत गेले, चुकलं तिथं दुरुस्त करत गेले. तवा त्यांनी म्हणलं, मधातल्या दिवसात सूर्यच त्याच्यापुढं असला पायजे. डोळ्याले दिसत नाही ते त्यांनी पाहून पाहून ओळखलं. ह्या पाटीवर जे लिहिलं हाये न्, खगोलशास्त्रीय, ते हेच काम."

किती जणांनी तेव्हा मान वळवून मला वाचलं म्हणून सांगू! कुणी ओठ हलवत, कुणी अक्षराअक्षराने. ढग सरकला आणि कागदावर पुन्हा सूर्य उमटला. लोकांनी आपणहून रांग लावली. प्रत्येक जण कागदावरच्या त्या गोलामागे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगत होता, "इथं मांगं हाये मृग." न दिसणारं नक्षत्र पाहायला लागलेली अशी रांग मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

जाताना उकंडराव माझ्यापाशी थांबले. "तांदळाचं पाहू दुसरीकडं," ते संजीवनीला म्हणाले. "हिवाळ्यात दुर्बीण घेऊन माह्या वावरात ये."

आणि तिला नेलंच त्यांनी. जानेवारीत दिवस मावळल्यावर सागरच्या ट्रॉलीत दुर्बीण चढली. उकंडरावांनी मलाही खिळ्यावरून काढून ट्रॉलीला दोरीने बांधलं. "पाटीशिवाय गंमत नाही," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेबाहेर आले. गव्हाच्या हिरव्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाव जमलं होतं. मेहकरचे व्याहीही आले होते. पूर्वेकडे मृग वर आला होता, तिन्ही तारे एका ओळीत, लखलखीत. उकंडरावांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ हटलेच नाहीत. मागच्यांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे बाजूला झाले.

संजीवनी पलीकडे लहान मुलांना दाखवण्यात गुंतली होती. व्याही उकंडरावांजवळ आले आणि मृगाच्या वरच्या अंगाला बोट करून त्यांनी विचारलं, "अन् तो लाल तारा कोनता म्हना पाटील?"

चारपाच पाहुणे ऐकत उभे होते. उकंडरावांनी छाती पुढे काढली, मिशीवर हात नेला, तोंड उघडलं. मी ट्रॉलीवर जीव मुठीत धरून बसले होते. या माणसाला मी ओळखते. आता हा ठोकून देणार काहीतरी नाव.

उकंडरावांनी वर पाहिलं. मग हात खाली घेतला.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "चाला, पाहू."

आणि व्याह्यांचा हात धरून ते रांगेत जाऊन उभे राहिले, सगळ्यात मागे.

मित्रांनो, माझा रंग पुन्हा उडू लागला आहे. तुम्ही मला नवा रंग द्यालच, अक्षरंही नीट काढाल, 'शास्त्रीय'ला थोडी जागाही द्याल. पण माझी खरी जपणूक त्यात नाही. माझा शब्द तुम्ही बोलाल, लिहाल, भाषणात वापराल, तेव्हा एवढंच करा. कुणी ताऱ्याकडे बोट करून नाव विचारलं आणि तुम्हाला ठाऊक नसलं, तर चारचौघांत, पाहुण्यांसमोर, न लाजता उकंडरावांसारखं म्हणा, 'मला माहीत नाही. चला, पाहू.'